सूर्य तासाला बसला तेव्हा

"आमच्या गावात एकदा सूर्य थांबला होता. तास ऐकायला," मी म्हणालो. "आता हसा. यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे."

कुणी ठेवलाही नाही. वाचनालयाच्या पायऱ्यांवर आम्ही रविवारच्या वर्गाची माणसं बसलो होतो. अर्थशास्त्राचे सर सांगलीहून यायचे, त्यांची गाडी अजून आली नव्हती. परगावच्या अंगणवाडीतून निवृत्त होऊन नुकत्याच इथं राहायला आलेल्या मालनताई यंदा पहिल्यांदाच वर्गाला येत होत्या. त्यांच्या शेजारी माजी तलाठी हजारे. आणि खांबाला टेकून, कानटोपी ओढून, डोळे मिटून बसलेला केरबा जिनगर. केरबा पूर्वी नगरपालिकेचा भोंगा वाजवायचा. आता भोंगा आपला आपण वाजतो आणि केरबाला ऐकू कमी येतं. त्यामुळं त्याच्यासमोर काहीही बोलायला हरकत नाही, अशी माझी समजूत होती.

"हे पण अस्वलासारखंच असणार," हजारे म्हणाले.

"कसलं अस्वल?" मालनताईंनी विचारलं.

"बापू एसटीवर ड्रायव्हर होते ना, तेव्हा आंबा घाटात त्यांच्या गाडीत अस्वल चढलं म्हणे. पण ते उतरलं कुठं हे काही सांगत नाहीत. नेमका तिथंच चहा येतो."

"अस्वलाचं राहू द्या हो. हे खरं आहे," मी म्हणालो. "तारळेकर बाई असतानाची गोष्ट."

बाईंचं नाव काढल्यावर हजारे सरळ बसले. आमच्या गावात अजूनही तसं होतं.

तारळेकर बाईंनी जन्मभर पुण्यात कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर माहेरच्या गावी परत आल्या. वाचनालयाच्या मंडळींना म्हणाल्या, रविवारी सकाळी मला हा हॉल द्या. दारावर फळा लावला: मोठ्या माणसांसाठी वर्ग. इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य. अठरा वर्षं पूर्ण हवीत, बाकी अट नाही. मी पहिल्या दिवशी गेलो तो हॉलला पंखे आहेत म्हणून. आक्का माळी गेली ती बाजारात फुलांची पाटी लवकर रिकामी झाली म्हणून. पण एकदा गेलेलं माणूस दुसऱ्या रविवारी घरी राहिलं, असं मी पाहिलं नाही.

तीन विषयांना बाईंचे तीन तास नसत. एकच तास, आणि त्यात तिन्ही. त्या म्हणायच्या, "काय झालं ते इतिहास सांगतो. का झालं ते अर्थशास्त्र सांगतं. आणि ज्याच्यावर ते गुदरलं त्याला काय वाटलं, ते साहित्य." मग एखादी साधी गोष्ट उचलायच्या. मीठ. सुती धोतर. गावाबाहेरचा पूल. त्याच पुलावरून मी हजारदा एसटी नेली असेन. पण बाईंनी तो बांधणारी माणसं त्या हॉलमध्ये आणून उभी केली, तेव्हा पुढचे काही दिवस मी पुलावर हॉर्न वाजवला नाही. झोपलेल्या माणसांच्या अंगणातून जातोय असं वाटायचं.

बाईंचा एक नियम होता. बाराचा भोंगा झाला की तास संपला. विषय संपला की नाही, मुद्दा आला की नाही, काही नाही. वाक्य अर्धं असलं तर अर्धं. तोंडातला शब्द तोंडात ठेवून बाई खडू खाली ठेवायच्या.

मी एकदा म्हणालो, "बाई, दोन मिनिटांनी काय बिघडतंय? वाक्य तरी पुरं करा की."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बापूराव, भोंगा झाला की या बायकांना घरी जाऊन ताटं वाढायची असतात. मी दोन मिनिटं जास्त बोलले, तर त्या उठून जाणार आणि तुम्ही बसून ऐकणार. जे सगळ्यांना मिळणार नाही ते या वर्गात कुणालाच मिळणार नाही."



पण त्या अर्ध्या वाक्यांनी गावाचा जीव खाल्ला. एकदा मिठावरचा कर चालू होता. बाई म्हणाल्या, "आणि हा कर बसवणारा साहेब स्वतः—" भोंगा! आठवडाभर सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या कँटीनमध्ये तोच विषय. साहेब स्वतः काय? कुणी म्हणे अळणी जेवायचा. कुणी म्हणे चोरून मीठ विकायचा. आमच्या एका कंडक्टरनं तर साहेबाला समुद्रात बुडवला. पुढच्या रविवारी कळलं, साहेब स्वतः रजेवर होता. हॉल इतका हिरमुसला की बाईंनाच हसू आवरेना.

"भोंगा कोण वाजवायचं?" मालनताईंनी विचारलं.

"हा काय," हजारेंनी केरबाकडं बोट दाखवलं. "समोर पाण्याची टाकी दिसते ना, तिच्याखालच्या खोलीत हा बसायचा. गाव सगळं याच्यावर चालायचं. वाचनालयातलं घड्याळ तर माझ्या लहानपणापासून सव्वाचारवर उभं आहे."

केरबानं डोळे उघडले नाहीत. मी पुढं सांगायला लागलो.

पावसाळा सरत आलेला. पितृपंधरवडा लागायचा होता. तासाच्या शेवटी आक्का माळी उठून उभी राहिली. आक्का म्हणजे बाजारात कुणी गजऱ्याचा भाव पाडून मागितला तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारी बाई. पण त्या दिवशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बाई, तुमी दुष्काळाचं सांगितलं न्हवं, राणीच्या राज्यातलं. तवा आमच्या घरातली थोरली बाई, माझ्या आजेसासऱ्याची आई, माणदेशातनं हिकडं नदीकडं चालत आली. दोन ल्याकरं घिऊन निघाली. एक वाटंत सोडलं. एक कडंवर घिऊन आली. जे आणलं, त्येच्या पोटी आमचं समदं घर. पर तिला आमच्यात पितराचं पान वाढत न्हाईत. समद्यांस्नी वाढत्यात, दारूनं मेलेल्या चुलत्याला बी वाढत्यात, तिला न्हाई. भाऊजी म्हणत्यात, जिनं ल्याकरू टाकलं तिला कसलं पान?"



"नाव काय त्यांचं?" बाईंनी विचारलं.

"गोजरा." आक्कानं बोटाचा पदर सोडला. "मला येवढंच सांगा बाई. तिनं केलं ते काय हुतं? मला एकदा पटलं म्हंजे मी भाऊजीस्नी भीत न्हाई. अवंदा सर्वपित्रीला मी पान वाढीन, न्हाईतर पुन्यांदा नाव काढणार न्हाई."

बाई म्हणाल्या, "आक्का, याचं उत्तर एका वाक्यात देईन. पण त्या वाक्यापर्यंत पोचायला मला दोन-तीन रविवार लागतील. चालेल?"

"चालंल की. ती तर माणदेशापास्नं चालत आली."

मग जे रविवार झाले, ते मी काय सांगू तुम्हाला! बाईंनी पहिल्यांदा दुष्काळ सांगितला. वाळलेले ओढे, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी बायामाणसं. मग म्हणाल्या, आता का झालं ते बघू. आणि हळूच सांगितलं, की बाजारात धान्य होतं. पोत्यांच्या थप्प्या होत्या. रेल्वेच्या डब्यांतून धान्य जात होतं, जिथं जास्त भाव देणारा होता तिकडं. आणि त्याच रुळांच्या कडेनं उपाशी माणसं चालत होती. बाईंनी आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. तरी मला ते डबे दिसले. मी गाडीवाला माणूस. माल भरलेली गाडी कशी जड चालते, ते मला पाठीच्या कण्यात कळतं. त्या भरलेल्या गाडीकडं बघत कडेनं चालणारी, कडेवर एक आणि हाताला एक लेकरू असलेली बाई मला दिसली आणि माझा पाय आपोआप ब्रेककडं गेला.

दुसऱ्या रविवारी बाई म्हणाल्या, "आक्का, तुमच्या घरात जात्यावरची एखादी जुनी ओवी आहे का?"

"एक हाय. सासू म्हणायची. झाडाची हाय," आक्का म्हणाली आणि बसल्या जागी म्हणायला लागली:

"लिंबाच्या झाडाखाली सावली मी ठेविली,
दुसरी ग कडेवर उन्हातून नेली."

म्हणून झाली तेव्हा आक्काच्याच ध्यानात आलं, सावली म्हणजे लेकरू. जन्मभर ती ओवी झाडाची समजून तिनं म्हटली होती. सासूनं म्हटली होती, सासूच्या सासूनं म्हटली होती. घरातल्या पुरुषांनी जिचं पान बंद केलं होतं, तिला घरातल्या बायकांनी जात्यावर ठेवली होती, आणि त्या बायकांनाही ते ठाऊक नव्हतं. पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीनं नमस्कार केला. कुणाला, ते मला कळलं नाही. मीही केला.

बाई म्हणाल्या, "आता तुमचं उत्तर. आक्का, गोजराबाईंनी जे केलं, ते—"

भोंगा.

"अरे देवा!" मालनताई म्हणाल्या.

आम्हीही तेच म्हणालो. त्या आठवड्यात गावात दुसरं बोलणं नव्हतं. ते पाप होतं. ते नशीब होतं. ते सरकारचं काम होतं. आक्काचे भाऊजी पारावर म्हणाले, बाई काहीही सांगू देत, पानं सालाबादप्रमाणंच पडतील. आक्का फुलांच्या पाटीमागं गप्प बसून. कुणी गजऱ्याला कमी भाव देऊन गेलं तरी बोलत नव्हती, त्यावरून तिची हालत समजा.

आणि मधेच बातमी आली. बाईंच्या घशात काहीतरी निघालं होतं. सोमवारी त्यांचा भाचा त्यांना ऑपरेशनला पुण्याला नेणार होता, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की नंतर आवाज राहणार नाही. म्हणजे येणारा रविवार बाईंचा शेवटचा. आणि तोच सर्वपित्री अमावास्येचा. त्या दिवशी घरोघरी स्वयंपाक तयार ठेवून बायका भोंग्याची वाट बघतात. भोंगा झाला की पानं वाढायची, कावळ्याला घास ठेवायचा. त्या दिवशी भोंग्यानंतर कोण थांबणार? आणि बाई तरी कशा थांबवणार?

हॉल भरला, व्हरांडा भरला, खिडक्यांत माणसं बसली. बाई आल्या, गळ्याला मफलर गुंडाळलेला. बोलायला लागल्या तर आवाज कुठला? नुसती हवा. पंखे बंद केले. व्हरांड्यातल्यांना ऐकू जाईना, तेव्हा पहिल्या ओळीनं ऐकून दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला, असं सुरू झालं. एक एक वाक्य हॉलभर चालत जायचं, दारातून बाहेर पडायचं, आणि मगच बाई पुढचं बोलायच्या. त्यांनी मागचं सगळं पुन्हा बांधायला घेतलं होतं. दुष्काळ, पोती, डबे, ओवी. वीट वीट करून. घाई नाही.

मी मागं होतो. खिडकीतून टाकीखालची केरबाची खोली दिसत होती. मी हिशेब केला, बाई अजून पोत्यांपाशी आहेत, उत्तर फार लांब आहे, आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर. आक्का पहिल्या ओळीत, मुठी आवळून.

"मग?" हजारेंनीच विचारलं.

"मग काय? सूर्य थांबला."

"हं."

"हं काय? सावल्या पायाखाली आल्या आणि तिथंच बसल्या. गावातल्या कौलांवर कावळे ओळीनं येऊन बसलेले, एकही ओरडेना. स्वयंपाकघरातली खीर चुलीवरून उतरून पुन्हा चुलीवर गेली. ज्यांच्या मनगटावर घड्याळं होती, त्यांनी बघितलं तर काटे बाराच्या पुढं. पण भोंगा झालेला नाही म्हणजे बारा वाजलेले नाहीत! प्रत्येकाला वाटलं आपलंच घड्याळ पुढं गेलं. हॉलमध्ये जो तो काटे मागं ओढतोय. आणि वर सूर्य, वाचनालयाच्या कौलावर कोपर टेकून बसल्यासारखा, बाई काय म्हणतात ते ऐकतोय. अहो, त्यानं तो दुष्काळ स्वतः केलेला. उत्तर ऐकायची त्यालाच जास्त गरज!"

मालनताई हसता हसता थांबल्या. "आणि बाई?"

"बाई पोचल्या. पोत्यांपासून डब्यांपर्यंत, डब्यांपासून लिंबाच्या झाडापर्यंत. आणि तिथं आवाज संपला. पहिल्या ओळीलासुद्धा ऐकू येईना. तेव्हा बाईंनी आक्काला हात करून जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानात ते वाक्य पुरं केलं. एकटीच्या. आक्कानं मान हलवली. बाईंनी खडू खाली ठेवला. आणि मग कुठं सूर्य पुढं सरकला आणि भोंगा झाला."

हजारेंना पुढचं ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक आहे. आक्का चपला न घालता घरी गेली. ओसरीवर पानं मांडली होती, त्यांच्या वरच्या बाजूला, सगळ्यांच्या आधी, तिनं एक पान मांडलं. भाऊजी म्हणाले, "हे कुणाचं?" आक्का म्हणाली, "जिच्यामुळं तुमी विचाराय हाय, तिचं." भाऊजींनी तोंड उघडलं, आक्काच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि मिटलं. आक्का आता नाही. पण तिच्या सुना सर्वपित्रीला गोजराबाईंचं पान अजून वाढतात, पहिलं. ऑपरेशननंतर बाई परत बोलल्या नाहीत. कानात सांगितलेलं ते त्यांचं शेवटचं वाक्य. गावानं आक्काला हरतऱ्हेनं विचारलं. तिनं कुणाला सांगितलं नाही.

"मग ते वाक्य कुणालाच ठाऊक नाही?" मालनताई म्हणाल्या.

"मला आहे."

"कानात सांगितलं ना?" हजारे म्हणाले. "आणि तुम्ही मागं."

"तलाठी, आयुष्यभर एसटी चालवलीय मी. मागच्या चाकाचा एक नट ढिला झाला तर मला स्टिअरिंगवर ऐकू यायचं. बाईंची कुजबुज ऐकू येणार नाही?" मी पायरीवर जरा पुढं सरकलो. "बाई म्हणाल्या, ‘आक्का, गोजराबाईंनी जे केलं, ते एक लेकरू वाचवणं होतं. दुसरं ज्यांनी टाकलं त्यांच्याकडं धान्याची पोती होती, आणि त्यांच्या घरी दरसाल त्यांचं पान वाढतात.’"

मालनताईंनी पदर डोळ्यांना लावला. हजारे रस्त्याकडं बघत राहिले. सरांची गाडी कोपऱ्यावर दिसली, तरी कुणी उठलं नाही.

"खोटं," केरबा म्हणाला.

डोळे मिटलेलेच होते. आम्ही सगळे वळलो.

"केरबा, तुला ऐकू येतंय व्हय?" मी म्हणालो.

"पायजे तवा येतंय. खोटं बोलतोयस बाप्या. तू ते वाक्य ऐकलं न्हाईस. तू हुतास कुठं वर्गात?"

"मागं हुतो. खिडकीपाशी."

"माझ्या खोलीत हुतास." केरबानं डोळे उघडले आणि मालनताईंना सांगायला लागला. "बारा व्हायला आलं हुतं. ह्यो पळत आला, धापा टाकत, आन माझ्यापुढं स्टूल ओढून बसला. म्हणाला, केरबा, तुला घाटातल्या अस्वलाचं सांगितलं का? मी म्हटलं, आरं, भोंग्याचा टाइम झालाय. ह्यो म्हणतो, घड्याळ तुझ्या पाठीमागं हाय, मला दिसतंय, अजून लई येळ हाय, मी सांगतो की तुला. आन लागला सांगाय. सारा गाव बाईंच्या पायाशी, आन ह्यो एकटा माझ्यापुढं."

हजारे माझ्याकडं बघायला लागले. मी चपलेचा अंगठा बघत होतो.

"म्हणजे तुम्हाला फसवलं यांनी?" मालनताई म्हणाल्या.

"मला?" केरबा हसला. पुढचे दात नाहीत त्याला. "ताई, माझ्या म्होरं पत्र्याचं कपाट हुतं, काचंच्या दाराचं. त्येच्यात घड्याळ दिसायचं. काटं उलटं दिसायचं, पर मला सवय हुती. बारा कवाच हून गेलं हुतं."

"मग भोंगा का नाही दिला?"

"कसा देणार?" केरबा म्हणाला. "ह्येनं अस्वल आमदाराच्या सीटवर बसवलं हुतं. कंडक्टर तिकीट मागाय गेल्ता. उठावं कसं? आन तेवढ्यात खिडकीतनं आक्का दिसली, बिनचपलांची, तवा ह्योच म्हणाला, केरबा, दे आता भोंगा. मी दिला. ह्यो गेला उठून."

त्यानं कानटोपी मागं सारली आणि माझ्याकडं वळला.

"बाईंच्या वाक्याचं सोड. ते तू बेस जुळवलंस. पर मला सायबानं मेमो दिला तुझ्यापायी, आन तवापास्नं मी वाट बघतोय. आता तरी खरं सांग, बाप्या. ते अस्वल उतरलं कुठं?"